प्लेटवरचे सात एचपी रानात किती उरतात? इंजिनाची ताकद वाचायची कशी

मागच्या हंगामात उसाच्या बांधणीच्या दिवसांत एक शेतकरी पॉवर विडर (इंजिनावर चालणारं, तण काढायचं छोटं यंत्र) टेम्पोत घालून आमच्या गॅरेजात आले. तक्रार ठरलेली होती. "भाऊ, सात एचपीची मशीन आहे. हलक्या रानात पळते, पण काळ्या रानात उतरवली की आवाज बसतो आणि बंद पडते. इंजिनात काहीतरी खोट आहे बघा."

प्लग काढला, ठिणगी चांगली. कॉम्प्रेशन चांगलं. कार्बोरेटर साफ, एअर फिल्टर नुकताच धुतलेला. मग मी चिंधीनं इंजिनावरचा चिखल पुसला. हुडावर मोठ्या लाल अक्षरांत '७ एचपी' असं स्टिकर होतं. दोरीच्या स्टार्टरच्या खाली, कुणी बघणार नाही अशा जागी, बोटाएवढी पत्र्याची पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं: २०८ सीसी, ४.२ किलोवॅट, ३६०० आरपीएम.

"दादा, ४.२ किलोवॅट म्हणजे साडेपाच एचपीच्या थोडं वर. इंजिनात खोट नाही. तुम्ही सातच्या भरवशावर काम लावलंय."

त्यांचा चेहरा पडला. पैसे भरून, कदाचित कर्ज काढून घेतलेली वस्तू असते ती. म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. विडर असो, गवत कापायचा ब्रश कटर असो, पेट्रोलचा पाण्याचा पंप असो की लाकूड कापायची चेनसॉ, पाटी वाचायची पद्धत एकच आहे. गणित पाचवी-सहावीतलं लागतं, त्यापुढचं नाही.

पहिलं काम: स्टिकर सोडा, पाटी शोधा

मशीनवर दोन ठिकाणी ताकद लिहिलेली असते. एक असतं मशीन विकणाऱ्याचं स्टिकर, रंगीत आणि मोठं. दुसरी असते इंजिन बनवणाऱ्याची पाटी. ती स्टार्टरच्या कव्हरवर, टाकीच्या खाली किंवा क्रँककेसच्या बाजूला चिकटवलेली किंवा रिव्हेट मारलेली असते. दोन्ही आकडे जुळले तर उत्तम. जुळले नाहीत तर इंजिनाची पाटी खरी धरा.

पाटी फोनवर फोटो काढून ठेवा. दोन हंगामांत उन्हापावसानं अक्षरं उडतात आणि मग सुटे भाग मागवतानाही अडचण होते.

पाटीवरून चार गोष्टी टिपायच्या: सीसी (सिलिंडरचं आकारमान), ताकदीचा आकडा आणि त्याचं एकक, आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या), आणि मॉडेलचा कोड. यातला आरपीएम बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि सगळी फसगत तिथेच होते.

एकक बघा: एचपी, पीएस, किलोवॅट

हॉर्सपॉवर हे माप जेम्स वॉटनं अठराव्या शतकाच्या शेवटी बसवलं. त्याला आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं ते गिऱ्हाइकाला सांगायचं होतं. पुढे युरोपात त्याचं मेट्रिक रूप आलं: ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला जी ताकद लागते ती एक. डोळ्यांसमोर आणा, ७५ किलोचं पोतं, सेकंदाला मीटरभर वर, आणि हे न थांबता. आपल्याकडे शेती-अवजारांच्या हिशेबात एक बैलजोडी दिवसभराच्या कामाला साधारण एक एचपी धरतात.

ब्रिटिश एचपी म्हणजे ७४६ वॅट, मेट्रिक एचपी (पाटीवर 'पीएस' लिहिलेलं असतं) म्हणजे ७३५.५ वॅट. फरक दीड टक्क्याचा आहे, त्याच्यावर डोकं खपवू नका. किलोवॅटला १.३४ नं गुणलं की एचपी येतो. १ किलोवॅट म्हणजे १.३४ एचपी, ३.६ म्हणजे ४.८, ५.१ म्हणजे ६.८. दुकानात उभे असाल तर किलोवॅटमध्ये त्याचाच एक तृतीयांश मिळवा, चालतंय.

शेजारचा आरपीएम: इथेच सगळी मेख आहे

ताकद म्हणजे जोर आणि वेग यांचा गुणाकार. इंजिनाच्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, जो पिळण्याचा जोर येतो तो टॉर्क. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. हिशेब असा:

एचपी = टॉर्क (न्यूटन-मीटर) × आरपीएम ÷ ७१२०

म्हणजे जोर कमी असला तरी फेऱ्या वाढवून एचपी फुगवता येतो. यात लबाडी नाही, पदार्थविज्ञान आहे. पण घेणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

तुमच्या ओळखीची तीन इंजिनं घेऊ. जुन्या विहिरींवर दोन मोठ्या फ्लायव्हीलचं लिस्टर धाटणीचं डिझेल इंजिन असायचं, ६ एचपी, ६५० आरपीएम. गणित मांडा: ६ × ७१२० ÷ ६५० म्हणजे जवळपास ६६ न्यूटन-मीटर. त्यानंतर घरोघरी आलं ते किर्लोस्करचं एव्ही-१, ५ एचपी, १५०० आरपीएम. त्याचा टॉर्क येतो सुमारे २४. आणि आजचं होंडाचं जीएक्स १६०, ज्याच्या नकला अर्ध्या बाजारात आहेत, ते ४.८ एचपी देतं ३६०० आरपीएमला, आणि त्याचा जास्तीत जास्त टॉर्क आहे १०.३ न्यूटन-मीटर, तोही २५०० आरपीएमला.

बोलताना तिन्ही 'पाच-सहा एचपीची इंजिनं'. शाफ्टवरचा जोर मात्र ६६, २४ आणि १०. म्हातारी माणसं म्हणतात ना, "जुनं पाच एचपी होतं ते आताच्या दहाला ऐकायचं नाही," त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त त्यांना जाणवत होता तो जोर, एचपी नव्हे.

मग छोटं इंजिन निकामी का? तसं अजिबात नाही. गिअरबॉक्स वेग कमी करून जोर वाढवतो. विडरच्या इंजिनाच्या ३६०० फेऱ्या पात्यांपाशी १२० होत असतील तर जोर तीसपट होतो, त्यातून साखळी, गिअर, बेल्ट यांच्या घर्षणात काही जातो. साध्या दात्यांच्या गिअरमध्ये दर जोडीला थोडंच नुकसान होतं, बेल्टमध्ये पाच-दहा टक्के, पण काही स्वस्त विडरमध्ये जो वर्म गिअर असतो त्यात पाव हिस्सासुद्धा उष्णतेत जातो. एकाच इंजिनाचे दोन विडर रानात वेगळे वागतात त्याचं एक कारण हे. म्हणून मशीन घेताना गिअरबॉक्स कोणता ते विचारा. काम झाल्यावर त्यावर हात ठेवता येत नाही इतका तापत असेल, तर तुमचं पेट्रोल तिथे जळतंय.

आवाज बसतो म्हणजे नेमकं काय होतं

बैल गाळात अडकला की क्षणभर दुप्पट-तिप्पट जोर लावून निघतो. इंजिनाला ते जमत नाही.

जीएक्स १६० चंच बघा. ३६०० आरपीएमला ३.६ किलोवॅट म्हणजे टॉर्क साडेनऊच्या आसपास. भार वाढून फेऱ्या २५०० पर्यंत उतरल्या तर टॉर्क १०.३ होतो. म्हणजे अडचणीच्या वेळी हाती असलेला राखीव जोर जेमतेम आठ टक्के. आणि त्याच वेळी ताकद ४.८ वरून ३.६ एचपीवर आलेली असते. २५०० च्या खाली टॉर्कही घसरतो. मग पुढच्या दोन-तीन सेकंदांत मशीन बंद.

यावरून चालवणाऱ्यानं शिकायचं ते असं: भार आल्यावर आवाज थोडा उतरून स्थिरावला तर हरकत नाही, गव्हर्नर, म्हणजे फेऱ्या स्थिर ठेवणारी यंत्रणा, आपलं काम करतोय. आवाज उतरतच राहिला तर लगेच हँडल दाबून पाती थोडी वर घ्या किंवा क्लच सोडा. ॲक्सिलरेटर अर्ध्यावर ठेवून 'पेट्रोल वाचवतो' म्हणणारे खूप भेटतात. अर्ध्या ॲक्सिलरेटरवर तुम्ही इंजिनाला २५०० च्याच जवळ नेऊन ठेवलेलं असतं, पहिल्या ढेकळाला ते मरतं.

आरपीएम मोजायला प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो, फार महाग नसतो. एक खबरदारी घ्या. या छोट्या चार-स्ट्रोक इंजिनांत ठिणगी प्रत्येक फेरीला पडते, दोन फेऱ्यांतून एकदा नाही. मीटरचं सेटिंग चुकलं तर तो दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवतो. जीएक्स जातीचं इंजिन मोकळं, पूर्ण ॲक्सिलरेटरवर ३७०० ते ४००० च्या दरम्यान असावं. ते ३२०० वरच थांबत असेल तर गव्हर्नरची स्प्रिंग ढिली आहे किंवा केबल पूर्ण ओढली जात नाही, आणि तुमचा दहा-पंधरा टक्के एचपी तिथेच गेला. ही दुरुस्ती पाच मिनिटांची आहे.

ग्रॉस, नेट, मॅक्सिमम, कंटिन्युअस

एकाच इंजिनाचे चार प्रामाणिक आकडे असू शकतात.

ग्रॉस म्हणजे चाचणीच्या टेबलावर एअर फिल्टर, सायलेन्सर अशा गोष्टी मूळच्या न लावता, इंजिनाला मोकळा श्वास घेऊ देऊन काढलेली ताकद. नेट म्हणजे हे सगळं जागेवर ठेवून, इंजिन जसं तुमच्या हातात येतं तसं मोजलेली. मॅक्सिमम म्हणजे थोडा वेळ निघू शकणारी वरची हद्द. कंटिन्युअस किंवा रेटेड म्हणजे तासन्‌तास चालवलं तरी इंजिन टिकेल ती. जीएक्स १६० पूर्वी ५.५ एचपी म्हणून विकलं जायचं. आज कंपनी स्वतःच नेट ४.८ लिहिते. इंजिन तेच, मोजायची पद्धत वेगळी. नकला करणारे मात्र आजही ५.५ च लिहितात.

अमेरिकेत यावरून मोठा खटला झाला. लॉन मोवरवर लिहिलेले एचपी प्रत्यक्षापेक्षा जास्त असतात, आणि एकच इंजिन वेगवेगळ्या एचपीची लेबलं लावून वेगवेगळ्या किमतींना विकलं जातं, अशा आरोपांवरून ग्राहकांनी २००४ मध्ये अनेक उत्पादकांवर दावा लावला. २०१० मध्ये मिलवॉकीच्या फेडरल न्यायालयात सुमारे साडेसहा कोटी डॉलरच्या तडजोडीला मंजुरी मिळाली. कंपन्यांनी चूक कबूल केली नाही, पण हाताने ढकलायच्या मोवरमागे ३५ डॉलरपर्यंत आणि बसून चालवायच्या मोवरमागे ७५ डॉलरपर्यंत भरपाई ठरली, वॉरंटीही वाढली. तिकडच्या बऱ्याच मोवरवर आता एचपी दिसत नाही. सीसी असतो, नाहीतर फूट-पौंडात टॉर्क. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांनी त्या फूट-पौंडाला १.३५६ नं गुणलं की न्यूटन-मीटर मिळतो, आणि वरचं सूत्र तसंच्या तसं लागू पडतं. मात्र तो आकडाही बहुधा ग्रॉस असतो.

आपल्या कामाचा नियम: पाटीवर फक्त 'मॅक्स' लिहिलं असेल तर त्याच्या ८० ते ८५ टक्के एवढाच दिवसभराचा भार धरा. त्याच्या वर इंजिन चालतं, पण रिंगा आणि व्हॉल्व्ह आयुष्य मोजायला लागतात.

सव्वा लाखाचा हिशेब

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपल्याला ती मूठ उघडायची आहे, आणि उघडायचा आकडाही सव्वा लाखच आहे.

दीडशे ते चारशे सीसीच्या साध्या, हवेवर थंड होणाऱ्या चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचा खरा, नेट एचपी असा काढा:

सीसी × आरपीएम ÷ १,२५,०००

१६३ सीसी, ३६०० आरपीएम: ४.७. कंपनी ४.८ म्हणते.
१९६ सीसी (जीएक्स २००): ५.६. कंपनी ५.५ म्हणते.
३८९ सीसी (जीएक्स ३९०): ११.२. कंपनी ११.७ म्हणते.

जुळतंय ना? आता आमच्या दादांचं २०८ सीसी घाला: ६. आणि बाजारात सर्रास दिसणारं २१२ सीसी: ६.१. म्हणजे २१२ सीसीवर '७ एचपी' लिहिलं असेल तर तो ग्रॉस किंवा मॅक्सिमम आकडा आहे, समजून घेण्यासारखा. त्याच २१२ सीसीवर ८ किंवा ९ लिहिलं असेल तर दुकानदाराला सरळ विचारा की हे किती आरपीएमला आणि कुठल्या चाचणीत. उत्तर आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

डिझेलला भागाकार १,६५,००० नं करा. किर्लोस्कर एव्ही-१: ५५३ × १५०० ÷ १,६५,००० = ५.०३. विडरवर येणारं ४०६ सीसीचं डिझेल, ३६०० ला: ८.९. डिझेलचा सीसी जास्त आणि एचपी कमी दिसतो म्हणून त्याला नावं ठेवू नका. कॉम्प्रेशन जास्त असल्यानं ते इंधनाचा दाणा न दाणा वापरतं आणि जड जमिनीत सावकाश, न घाबरता चालतं. वजन आणि हादरे मात्र जास्त. दोन ओळींच्या मधल्या अरुंद पट्टीत डिझेल विडर दिवसभर वळवून बघा, संध्याकाळी खांदे सांगतात.

छोट्या दोन-स्ट्रोक आणि ब्रश कटरच्या इंजिनांना हा हिशेब लागू नाही. ती ७००० आणि त्याच्याही वर फिरतात. तिथे असं बघा: सर्वसाधारण इंजिनात २५ ते २८ सीसीमागे एक एचपी. होंडाचं चार-स्ट्रोक जीएक्स ३५ हे ३५.८ सीसीचं इंजिन ७००० आरपीएमला १.३ एचपी देतं. बाजारातलं ५२ सीसी दोन-स्ट्रोक दोन एचपीच्या आसपास देतं. महागड्या व्यावसायिक इंजिनांत आणि चेनसॉमध्ये १२ ते २० सीसीला एक एचपी निघतो, पण ती किंमतही तशीच असते. स्वस्तातल्या ५२ सीसीवर तीन-चार एचपी लिहिलेलं असेल तर ते मनावर घेऊ नका.

सीसीच खोटा असेल तर?

असंही होतं. म्हणून मॉडेलचा कोड वाचायला शिका. चिनी बनावटीच्या इंजिनांची नावं ठोकळ्यासारखी असतात: '१६८ एफ' यात १ म्हणजे एक सिलिंडर, ६८ म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, एफ म्हणजे हवेवर थंड होणारं. '१७० एफ' म्हणजे ७० मिमी, '१८६ एफ' म्हणजे ८६ मिमी. ब्रश कटरवर '१ई४४एफ' दिसेल; ई म्हणजे दोन-स्ट्रोक, ४४ मिमी व्यास.

व्यास कळला की स्ट्रोक लागतो. म्हणजे पिस्टन वर-खाली किती सरकतो ते. दोन-स्ट्रोकमध्ये प्लग बहुधा सरळ वर असतो, त्यामुळे हे घरी मोजता येतं. इंजिन थंड असताना प्लग काढा, वायर बाजूला ठेवा. पिस्टन खाली असताना शीतपेयाची मऊ प्लॅस्टिकची नळी भोकातून पिस्टनवर उभी टेकवा. लोखंडी तार किंवा स्क्रूड्रायव्हर नको, पिस्टनला ओरखडा पडतो. आता स्टार्टरची दोरी हळू, बोटानं ओढावी तशी ओढा. नळी वर येईल. सगळ्यात खाली आणि सगळ्यात वर अशा दोन ठिकाणी पेननं खूण करा आणि मधलं अंतर पट्टीनं मोजा.

४४ मिमी व्यास, ३४ मिमी स्ट्रोक. सेंटिमीटरमध्ये: ४.४ × ४.४ × ०.७८५ × ३.४ = ५१.७ सीसी. हे खरं ५२ सीसी. याच इंजिनाच्या हुडावर ६३ सीसी लिहिलेलं असेल तर ते होण्यासाठी स्ट्रोक ४१ मिमीच्या वर यायला हवा होता. ६२-६३ सीसीची खरी इंजिनंही आहेत, पण त्यांचा व्यास ४८ मिमीच्या आसपास असतो. गॅरेजात ही नळीची तपासणी मी गिऱ्हाइकासमोर करतो. स्वतःच्या डोळ्यांनी खूण पाहिली की माणसाला दुसरं काही सांगावं लागत नाही.

कामाला किती लागतं: पंपाचं उदाहरण

पंपाचा हिशेब अचूक मांडता येतो, म्हणून तोच घेतो.

तीन इंची पेट्रोल पंपावर लिहिलेलं असतं: मिनिटाला १००० लिटर, हेड ३० मीटर. वाचणाऱ्याला वाटतं, ३० मीटर उंचावर मिनिटाला हजार लिटर पाणी पडेल. तसं होत नाही. हजार लिटर निघतं ते जवळजवळ सपाटीवर, आणि ३० मीटरला पाणी फक्त पोचतं, बाहेर धार पडत नाही. दोन टोकांचे दोन आकडे एका ओळीत छापलेले असतात.

समजा ओढ्यातून वरच्या बागेत पाणी चढवायचंय. उभी उंची १६ मीटर, पाइपातलं घर्षण ४ मीटर धरा, एकूण हेड २०. पाणी हवं मिनिटाला ५०० लिटर, म्हणजे सेकंदाला ८.३३.

८.३३ × २० × ९.८१ = १६३४ वॅट, म्हणजे सव्वादोन एचपीला थोडं कमी. ही फक्त पाणी उचलण्याची ताकद. छोट्या सेंट्रिफ्युगल पंपाची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे इंजिनाकडून लागणार ४.४ एचपी. आता १६३ सीसीचं, '५.५ एचपी' स्टिकरचं इंजिन आठवा: नेट ४.८, आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे ४.१. कमी पडलं. पाणी चढेल, पण इंजिन पूर्ण वेळ शेवटच्या दमावर असेल. इथे १९६ किंवा २१२ सीसी घ्यावं, किंवा पाइप एक माप मोठा टाकून घर्षण कमी करावं. दुसरा उपाय एकदाच खर्चाचा आहे आणि रोज पेट्रोल वाचवतो. मी तोच आधी सुचवतो.

विडरचं असं कोरडं गणित होत नाही. तिथे जमीन ठरवते. वाफसा असलेलं रान आणि वाफसा उलटून गेलेलं काळं रान यांत एकाच मशीनला दोन वेगळी कामं लागतात. पात्यांची रुंदी आणि खोली, दोन्ही निम्मी केली तर कापली जाणारी माती चौथाई होते. हे कमी करणं आपल्या हातात असतं, इंजिन मोठं करणं नसतं.

उन्हाचा आणि उंचीचा वाटा

हवा विरळ झाली की इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. साध्या कार्बोरेटरच्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के घटते. पुण्याच्या उंचीला, म्हणजे ५६० मीटरला, साडेसहा टक्के. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथे पंधरा-सोळा टक्के. रत्नागिरीत कलमांच्या बागेत बेणणीला भरपूर वाटणारा ब्रश कटर घाटमाथ्यावर नेला की मंद वाटतो त्याचं कारण हेच. उन्हाचा फटका त्या मानानं कमी: २५ अंशांच्या वर दर साडेपाच अंशांना साधारण एक टक्का. चंद्रपूरच्या ४५ अंशांत साडेतीन-चार टक्के जातात. पण तिथे खरी भीती इंजिन तापण्याची आहे. सिलिंडरच्या पंखांत अडकलेलं गवत आणि माती रोज ब्रशनं काढा.

पेट्रोल मोजा, ते खोटं बोलत नाही

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. प्रत्यक्षात इंजिनाकडून तुम्ही किती ताकद घेताय ते टाकी सांगते.

टाकी काठोकाठ भरा. नेहमीसारखं तासभर सलग काम करा. मग मशीन त्याच सपाट जागी ठेवून मापाच्या भांड्यानं पुन्हा काठोकाठ भरा. जितकं गेलं तितकं जळलं. छोटं चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिन भारावर चालताना एका किलोवॅट-तासाला साधारण ३५० ग्रॅम पेट्रोल खातं, आणि लिटरभर पेट्रोलचं वजन ७४० ग्रॅमच्या जवळ. म्हणजे तासाला एक लिटर जळलं तर सरासरी २.१ किलोवॅट, पावणेतीन ते तीन एचपी. डिझेलचं एक लिटर सुमारे चार एचपी तासभर देतं. दोन-स्ट्रोकमध्ये दोनच्या आसपास. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्यात लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते, तेवढं वजा करा.

आमच्या दादांच्या मशीनवर हे करून पाहिलं. हलक्या रानात तासाला ९०० मिली, म्हणजे अडीच एचपी. इतकंच काम होतं ते! काळ्या रानात मशीन सलग चालेचना, तर मोजणार काय. पण यातून एक कळलं. सरासरी काम अडीच एचपीचं असलं तरी ढेकूळ, मूळ, खोल रुतणं या क्षणांना पाच-सहा लागतात, आणि नेमका तिथे राखीव जोर नसतो.

उलटही घडतं. एखादं मशीन हलक्या कामालाही तासाला दीड लिटर पीत असेल, तर ती ताकद नाही, बिघाड आहे. चोक अर्धवट अडकलेला असतो किंवा एअर फिल्टर तुंबलेला. प्लग काळाकुट्ट निघाला की खात्री समजा.

सरकारी चाचणीचा अहवाल मागा

अनुदानावर मशीन घेत असाल तर याचा फायदा जरूर घ्या. शेती यंत्रांची चाचणी करणाऱ्या सरकारी संस्था आहेत. मध्य प्रदेशातल्या बुदनीची संस्था त्यातली सगळ्यात जुनी, १९५५ पासूनची. अनुदानाच्या यादीत येणाऱ्या यंत्राला अशा चाचणीतून जावं लागतं. अहवालात मोजलेली ताकद, ती किती आरपीएमला मिळाली, जास्त तापमानात किती उतरली, तासाला इंधन किती लागलं, हे सगळं कंपनीनं जाहीर केलेल्या आकड्यांशेजारी छापलेलं असतं. विक्रेत्याकडे याची प्रत मागा. त्याच मॉडेलचा अहवाल आहे ना, ते मात्र पाटीवरच्या कोडशी ताडून बघा.

बॅटरीच्या मशीनबद्दल थोडं

इथे सीसी नाही, तर व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास आहेत. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट-तास, बॅटरीत साठलेलं काम. '२० व्होल्ट, ४ ॲम्पिअर-तास' यातले २० व्होल्ट पूर्ण चार्ज असतानाचे आहेत, काम करताना १८ धरा. म्हणजे ७२ वॅट-तास. घरापुढच्या कुंपणाला पुरे, पण एकरभर बांधाचं गवत त्यानं निघत नाही. मोटरवर लिहिलेले वॅट बहुधा आत घेतलेल्या विजेचे असतात, पात्यापाशी त्यातले काही कमीच पोचतात.

तर दादांच्या मशीनचं काय केलं

मोकळे आरपीएम मोजले, ३३०० निघाले. केबल सैल होती. ती ओढून ३८५० वर आणले. पात्यांचे दोन्ही बाजूंचे शेवटचे संच काढून रुंदी कमी केली. खोलीचा दांडा एक भोक वर घेतला. पहिल्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर ठेवायला सांगितलं, आणि खोल काम एका फेरीत न घेता दोन फेऱ्यांत घ्यायला. वाफसा येईपर्यंत चार दिवस थांबायलाही सांगितलं, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

आठवड्यानं फोन आला. बांधणी चालू होती, मशीन बंद पडत नव्हतं. "पेट्रोल तासाला सव्वा लिटर लागतंय भाऊ, जास्त आहे का?"

मी हिशेब मांडून दाखवला: सव्वा लिटर म्हणजे साडेतीन एचपी, सलग. त्यांच्या इंजिनाच्या कंटिन्युअस ताकदीच्या साठ-पासष्ट टक्के. जास्त अजिबात नाही. दर पन्नास तासांनी तेल बदला, एवढंच सांगून फोन ठेवला.